टायटनवर दहा मिनिटे

रविवार, २३ नोव्हेंबर
पुण्याहून नात पंकजाचा फोन. दीड मिनिट. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, एवढे झाले की पोरीजवळ विषय संपतो. ठेवता ठेवता म्हणाली, शाळेत टायटनवर प्रोजेक्ट दिलाय. मी म्हणालो, हो हो, माहीत आहे. माहीत नाही. घड्याळाचे काही असावे.
ठरवले: पुढच्या रविवारी याच विषयावर दहा मिनिटे बोलायचे. कमी नाही.

सोमवार, २४
घड्याळ नव्हे. रिटायर झालेले भगवानराव मास्तर मोबाईलमध्ये बघून म्हणाले, टायटन हा शनीचा सर्वांत मोठा चंद्र. बुध ग्रहापेक्षाही मोठा. शनीचे नाव ऐकून छातीत धडधड. पोरीला दुसरा एखादा चंद्र देता आला नसता का? बीपीची गोळी घेतली. बहुतेक दोनदा घेतली.

बुधवार, २६, सकाळी ७
पाठांतर सुरू. शनीभोवती एक फेरी सोळा दिवसांत. हवा आपल्यापेक्षा दाट. थंडी शून्याखाली एकशे ऐंशीच्या जवळ. माझी शाळा सातवीत सुटली ती गुरांमुळे, डोक्यामुळे नाही.
शेजारच्या चतुराबाईला म्हणून दाखवले. भांडी घासता घासता तिने विचारले, "दादा, तिथं ऱ्हातंय कोण?" कोणी नाही, म्हणालो. "मंग तुमच्या घरावानीच की."
अडाणी बाई. विज्ञान कळत नाही.

शुक्रवार, २८
टायटनवर पाऊस पडतो, नद्या आहेत, तळी आहेत, पण पाण्याची नाहीत! मास्तर म्हणाले मिथेन, म्हणजे गॅसच, थंडीने पातळ झालेला. मी म्हणालो, तेलच ते. पिढ्यान् पिढ्या दर शनिवारी आपण शनीला तेल घालतो, ते जाते कुठे? मास्तर चहा अर्धाच ठेवून उठले. पटले असावे. पंकजाच्या पुस्तकात हे नसणार. या एका मुद्द्याला तीन मिनिटे धरली.

शनिवार, २९
पोरीला शनीची पीडा नको म्हणून देवळात तेल घालायला गेलो. वाकलो, आणि वरच्या खिशातला मोबाईल शनीपुढच्या तेलात. पुजारी नागनाथ म्हणाला, "काका, देवाला फोन लावायलाव का काय?" हसण्यासारखे काही नव्हते. धोतराने पुसला, उन्हात ठेवला. लाईट लागते. काळजीचे कारण नाही, तेलाने मशीन उलट मोकळे होते.

रविवार, ३०, संध्याकाळी
पाचला फोन आला. पोरीचा आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा. मी लगेच सुरू केले. बुधापेक्षा मोठा, सोळा दिवस, थंडी. ती नुसती "हॅलो, आजोबा? हॅलो?" करत होती. मी आवाज चढवला. चतुराबाई भिंतीवरून ओरडली, "दादा, साऱ्या गल्लीचं पाठ झालं, आता बास!"
पोरगी तिकडे बापाला सांगत होती, आजोबा बोलतच नाहीत. आमचा मुलगा भारत म्हणाला, झोपले असतील, ठेव.
तिने ठेवल्यावर मी तेलाचा मुद्दा पूर्ण केला. एकूण अकरा मिनिटे झाली.