दोन छटा उजळ

६ ऑक्टोबर
शी! साबण चघळल्यासारखं तोंड झालंय. समोरचा खाटीक अब्देलकादर दुकानात येऊन बसला होता. एक बाई लिपस्टिक घेऊन गेली. तिची पाठ वळते न वळते तोच हा म्हणतो, "सी मोंजी, असल्या बायका कुणासाठी नटतात, ठाऊक आहे ना?"
म्हटलं, तूच सांग.
"नवऱ्यासाठी तर नक्की नाही!" खदाखदा हसला. मग आवाज उतरवून — "तो मिशीचा कलप दे. मागचाच."
दिला. गिऱ्हाईक आहे. टोपलीत काजळ-मेंदी घालून ट्युनिसच्या गल्ल्यांतून ओरडत फिरायचो, तेव्हापासून हेच ऐकतोय. लावलं तर चवचाल. नाही लावलं तर — "आजारी आहेस का गं?"

९ ऑक्टोबर
शनिवारी लल्ला बेया नवऱ्याला घेऊन मुलासाठी आमच्या एम्नाला बघायला येणार. जुनं घराणं, संगमरवराचा धंदा. एम्नाला विचारलं. म्हणाली, "तुमचं ठरलंय ना बाबा? मग झालं." गुणाची पोर.

११ ऑक्टोबर
किळस आली!
पूर्वी या सासवा मुलीला हमामात नेऊन पारखायच्या. आता घरीच. लल्ला बेयानं एम्नाला जवळ घेतलं, "ये गं माझ्या बदामा", म्हणून मुका घेतला — आणि घेता घेता ओला अंगठा गालावरून खस्सकन ओढला! बकरीचे दात बघावेत तसा. गालावर पट्टा उमटला. बाईनं अंगठा उजेडात धरला, नवऱ्याला दाखवला, मग आमच्याच रुमालाला पुसला. रुमाल बकलाव्याच्या ताटाशेजारी टाकला.
तिचा नवरा म्हणतो, "सी मोंजीच्या दुकानात सगळं मिळतं हो, मुलगीसुद्धा रंगवून!" मुलगाही हसला. मीही हसलो. यजमान ना!
गेल्यावर एम्नाकडे नीट बघितलं. रंग दोन छटा उजळ, थर भिंतीला चुना द्यावा तसा. माझी मुलगी! शेंबडी होती तेव्हापासून गल्ल्यामागे बसून गिऱ्हाइकांच्या मनगटावर रंग लावून बघणारी! बायको म्हणाली, "घाबरली असेल पोर."

१२ ऑक्टोबर
तो रुमाल धुतला. डाग जात नाही. फेकला.

१४ ऑक्टोबर
लल्ला बेया स्वतः दुकानात! नेहमीसारखी मागच्या दारानं. भुवयांची पेन्सिल, सुरकुत्यांवरची पावडर — वीस वर्षं मीच देतोय. त्या बाईची एक भुवई तिची स्वतःची नाही.
पिशवी अंगावरच्या चादरीत लपवत म्हणते, "मुलगी वाईट नाही हो. पण आमच्यात चेहरा स्वच्छ लागतो. शुक्रवारी आमच्याकडे आणा. तोंड धुऊन."
जिभेवर आलं होतं. गिळलं. गिऱ्हाइकाचं गुपित आणि कसायाचा सुरा दुसऱ्याच्या हाती देऊ नये. आणि घराणं चांगलं...
म्हणालो, "आणतो, लल्ला."
शी! हे तोंड माझंच का?

१६ ऑक्टोबर
एम्नाला सांगितलं, उद्या जायचंय, काही लावू नकोस. बराच वेळ बशीतल्या ऑलिव्हच्या बिया एकीकडे सारत बसली.
"आणि ते सगळे हसले, त्याचं काय?"
म्हटलं, मोठी माणसं. हसतात.
"तुम्हीसुद्धा हसलात बाबा."
मिठाईचं खोकं बांधून आणलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
निघायची वेळ. एम्ना खोलीतून आली — तीच डबी, तोच चुन्यासारखा थर, त्याहूनही जाड! ओरडणारच होतो. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमची मुलगी रंग निवडण्यात चुकेल, असं त्या दिवशी खरंच वाटलं तुम्हाला?"
मिठाईचं खोकं घरीच फोडलं.