'डॉक्टर नाही' मोठ्या अक्षरात

संग्रामपूर, मंगळवार, दिवेलागण

काका चहा पिऊन गेले, पण त्यांचं बोलणं अजून डोक्यात आहे. "तू त सोताच लोकायले सांगतं का मी डॉक्टर नाही. मंग दुसऱ्याचा बोर्ड उतरवाले तुले काय हक्क हाये वं?"

सांगतेच मी. माझी नोंदणी मानसशास्त्रज्ञ म्हणून आहे. मी बोलते, ऐकते, गोळ्या लिहून देत नाही. पाटीवर नोंदणी क्रमांकाखाली 'डॉक्टर नाही' असं लिहिलंयसुद्धा.

रस्त्यापलीकडे समोरच बसणाऱ्या त्या पोराने कुठला तरी चार दिवसांचा कोर्स केला आणि पाटी लावली, 'मनाचे डॉक्टर'. नोंदणी कसलीच नाही. त्याच्या सांगण्यावरून वरवटच्या सुमनबाईंनी दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या एकदम सोडल्या आणि परवा त्या विहिरीवर गेल्या. जावेने मागून धरलं म्हणून वाचल्या. म्हणून काल मी त्याची तक्रार केली. नको करू तर काय करू?

काका म्हणे, "आपल्याच समाजाचा पोरगा हाये. काऊन वैर घेऊन राह्यली?"

म्हणजे इथे 'डॉक्टर नाही' म्हणणारी अडाणी, आणि 'डॉक्टर' लिहिणारा आपला! मीही तसंच लिहिलं असतं तर काकांनी गावभर मिरवलं असतं. नकोच ते.

"तक्रार मागे घेणार नाही," म्हटलं. चपला घालताना ते पुटपुटले, "असं लिवल्यावर कोन येईन तुह्याकडं?"

सुमनबाई आल्या होत्या ना आज. जावेला घेऊन.

उद्या पेंटर येतोय. पाटीवरचं 'डॉक्टर नाही' फार बारीक आहे. समोरच्या त्या 'मनाच्या डॉक्टर'च्या खुर्चीत बसूनही वाचता आलं पाहिजे.