पोक गेलं, कोट बिघडले

चिरंजीव धाकट्या बंधुराजांस थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझी तब्येत कशी आहे, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. उत्तर मला ठाऊक आहे. तुझी बायको सांगत होती की हल्ली तू खुर्चीतून उठलास तरी खुर्चीचाच आकार घेऊन उठतोस, आणि बागेतल्या बाकावर तुझ्याबरोबर पत्ते कुटणाऱ्या सगळ्या मंडळींचा घाट तोच झालाय. लाजू नकोस. हाच आजार मला झाला होता आणि मी त्यातून सुटले, म्हणून हे पत्र. (फोनवर तू नुसतं हो हो म्हणतोस. कागद तुझी बायको तुला मोठ्यानं वाचून दाखवेल.) मी सांगते आहे, सूनबाई लिहिते आहे. ती म्हणते, सासूबाई, मधे श्वास घ्या. घेतला.

तर ऐक. तुला माहीतच आहे, आपल्या शिंपीकामाच्या दुकानात कापायचं काम माझं आणि शिवायचं माझ्या लेकाचं. सकाळी उंच टेबलाशी उभं राहून कापायचं, मग संध्याकाळपर्यंत स्टुलावर दुमडून बसून काजं करायची. एवढी वर्षं दुमडल्यावर माणूस उलगडायचाच विसरतो. एकदा मी स्टुलावरून उठून दाराकडे चालले, तर आत आलेलं गिऱ्हाईक माझ्या शेजारी वाकून जमिनीवर शोधायला लागलं. बराच वेळ शोधून बिचारं म्हणालं, "आजी, पडलंय काय?" लेकाला तेवढंच हवं होतं. "आई, आता कात्री मला दे आणि घरी आराम कर." आराम! माझी कात्री घेऊन हा मला आराम देणार! मी तडक दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे गेले.

बाई वयानं माझ्या नातीएवढ्या, पण हात खाटकाचे. त्यांनी मला पलंगावर आडवं करून सांगितलं की दुखणं पाठीत नाहीच. मांडी जिथे पोटाला मिळते तिथला पुढचा स्नायू बसून बसून आखूड झालाय, उभं राहिलं की तो कमरेला पुढे खेचतो, आणि मग सगळी इमारत कलते. मी म्हटलं, म्हणजे अस्तर आखूड पडलंय आणि कोट आत ओढला जातोय, एवढंच ना? बाई म्हणाल्या, हे मला आधी सुचायला हवं होतं. उपाय असा. एका गुडघ्याखाली घडी केलेलं कापड घ्यायचं, दुसरं पाऊल पुढे रोवायचं, खुर्चीला धरायचं, बसायची जागा आत घट्ट आवळायची (सूनबाई 'बसायची जागा' असंच लिहिते आहे, मी वेगळं सांगितलं होतं) आणि अलगद पुढे सरायचं. कंबर मागे मोडायची नाही. मांडीच्या वर पुढून ताण आला की तिथेच थांबून श्वास सोडायचा. मग दुसरा पाय. आणि एका जागी फार वेळ बसायचं नाही, हे औषधाहून मोठं. पहिल्यांदा मी खाली गेले ती वर येईना, लेक आणि सून दोघं दोन बाजूंनी लागले. पण महिनाभरात मी टेबलाशी अशी उभी राहिले की लेक म्हणाला, "आई, तू उंच झालीस?" मी म्हटलं, "नाही रे, होते तेवढी परत झाले."

इथवर सगळं छान. माझं चुकलं पुढे. वरातीत वाजवणाऱ्या एका बँडच्या लाल कोटांचं मोठं काम आलं. वाजवणारे सगळे वाद्यांच्या ओझ्यानं आणि बसून बसून पुढे झुकलेले. तुला माहीतच आहे, पोक असलेल्या माणसाचा कोट पाठीत लांब आणि पुढून तोकडा कापावा लागतो. (आकडे लेक लिहितो, वाक मी डोळ्यांनी मापते.) तसे कापले, झोकात कापले. पण मापं देताना ही माणसं बाकावर ताटकळत बसलेली बघून मला राहवेना. सगळ्यांना उठवलं, चिंध्यांच्या घड्या दिल्या, आणि अख्खा बँड दुकानात एका गुडघ्यावर आणला. ढोलवाला कण्हत होता, सनईवाला देवाचं नाव घेत होता. पण बँडमास्तर खमका. त्यानं घरी गेल्यावरही तालमीच्या आधी रोज तेच करून घेतलं.

महिन्यानं सगळे कोट घालून बघायला आले ते काय सांगू, सरळसोट! छाती पुढे, मान वर. आणि अंगावर माझे कोट! पाठीत एवढे झोळ की मांजर निजेल, आणि पुढून प्रत्येकाचं पोट उघडं. लेक एकदा कोटांकडे बघे, एकदा माझ्याकडे. बँडमास्तर मात्र खूश. म्हणाला, "आजी, फुंक आता बेंबीपासून निघते हो! पण हे कोट काही आम्ही नेत नाही. नवे शिवा." गिऱ्हाईक टिकलं, यात मी समाधान मानलं. लेकानं मानलं नाही. त्यानं कात्री कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. हे लाल कोट दुकानाबाहेर जाईपर्यंत मी कापायचं नाही, म्हणे. मापं घेऊन झाल्यावर गिऱ्हाईक दुरुस्त करणारी शिंपीण त्यानं जन्मात पाहिली नाही, म्हणे. मी रुसलेली नाही. खिडकीपाशी ताठ उभी असते आणि त्याचं वेडंवाकडं कापणं बघत असते.

असो. तू तो व्यायाम आजपासून सुरू कर. तुझ्या बायकोला माझे आशीर्वाद.

तुझी,
ताठ झालेली ताई

ता. क. सूनबाई खाली गेली म्हणून खरं काम तिला भेटायला आलेल्या मैत्रिणीकडून लिहून घेते. तुझी पत्तेवाली मंडळी कोट घालतात का रे? लाल रंग, सोनेरी बटणं, खांद्यावर झालर. पाठीत ऐसपैस, पुढून बेतशीर. बागेत थंडीही पडते. तुम्ही नेलेत तर माझी कात्री कपाटातून बाहेर येते. तुझ्यासाठी मी ढोलवाल्याचा बाजूला ठेवलाय.

ता. क. दुसरा. तेव्हा वर सांगितलेला व्यायाम इतक्यात करू नकोस, कुणाला शिकवू तर मुळीच नकोस. मी रविवारी कोट आणि पिना घेऊन येते आहे. तुमच्यात एखादा चुकून ताठ असला, तर त्याला चांगली पानं देत राहा आणि मी येईपर्यंत बाकावरून उठू देऊ नका.