पोवळ्याचा घास

२८ मार्च, शुक्रवार

टाकीतल्या पोवळ्याच्या गोठवलेल्या खाण्याचं मुंबईचं पार्सल आलं. तीन दिवस गाड्या बदलत. थर्माकोलचा डबा उघडला तर आत गुलाबी पाणी आणि वास. बर्फाचं नाव नाही. हे तिसरं. उकिरड्यावर पुरलं, कुत्र्यांनी उकरलं.

पोवळं आठ दिवस उघडलेलं नाही. चौदा तोंडांपैकी दोन तोंडांचा मांसल भाग आत सरकून पांढरं हाड दिसायला लागलंय. याला उजेडावर जगता येत नाही, प्रत्येक तोंडाला घास द्यावा लागतो. कोरड्या गोळ्या दिल्या, थुंकल्या. टाकीवाल्याला फोन केला (संभाजीनगरचा, ज्याच्या दुकानाच्या जळलेल्या मोटारी मी नवी तार गुंडाळून भरून देतो आणि ज्याच्याकडून चार वर्षांपूर्वी ही टाकी घेतली). म्हणे, "उन्हाळ्यात तिकडं माल पोचत नसतो. सोडून द्या एवढं एक."

सोडून देणार नाही. आता खाणं मीच बनवणार. एकोणिसाव्या वर्षी माळ घातली, जन्मात मासा तोंडाला लावला नाही, लावणारही नाही. पण चिरायला काय? चिरेन.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली, पुरणपोळी झाली, बायकोचा, मंगलचा मूड बघून विषय काढला. ती पण माळकरी, माझ्यापेक्षा कडक.

"माझ्या फ्रीजमधी न्हाई. माझ्या विळीवर न्हाई. माझ्या पातेल्यात न्हाई."

बरं. फाट्यावरच्या दुकानात करीन, मोटारी भरायच्या टेबलाच्या मागे. भंगारात आलेला जुना फ्रीज आहे, काँप्रेसर ठीक आहे.

"आन् घरात पाय ठिवायच्या आधी अंघोळ."

हेही मान्य. म्हणजे मं. नाही म्हणाली नाही. एवढ्या वर्षांत इतकं कळतं मला.

३ एप्रिल, गुरुवार

मंठ्याला गेलो. जलीलभाईच्या मच्छीच्या पाटीपुढं दोनदा येऊन परत फिरलो. तिसऱ्यांदा उभा राहिलो. तो माझ्या गळ्याकडं बघतोय, मी पाटीकडं.

"मिस्त्री, रस्ता चुकले का?"

"मच्छी पायजे."

"कोणासाठी?"

"घरी टाकीत मासे हायेत, समुद्राचे. त्यांना."

इतका हसला की शेजारचा कांदेवाला बघायला आला. "मच्छीला मच्छी! बिलकुल ताजी देतो, धरणाची रोहू हाय."

घेतली. मिक्सर नवा आणलाय, दुकानापुरता. बारीक वाटून पिशवीत घातली, फ्रीजरला लावली. फार अवघड काही नाही हे.

५ एप्रिल, शनिवार

माती केली मी. काल घास दिला, आज सकाळी टाकीवर तेलाचा तवंग, पाणी दुधाळ. पिवळा मासा कोपऱ्यात धापा टाकतोय. पोवळं घट्ट मिटलेलं, तिसऱ्या तोंडाचं हाड दिसायला लागलं.

टाकीवाला फोनवर ओरडला. गोड्या पाण्याच्या माशाची चरबी समुद्रातल्याला मानवत नाही. समुद्राचेच झिंगे पाहिजेत, माकूल म्हणजे स्क्विड पाहिजे. आणि वाटायचं नाही, चिरायचं. वाटलं की सगळा रस पाण्यात उतरतो. मग विचारलं, "तुम्ही कधी मासे खाल्लेच नाहीत का हो?"

नाही खाल्ले. मला मासा म्हणजे मासा. नदीचा काय, समुद्राचा काय. आमच्या घरात कुणाला सांगितलं तरी त्यानं हीच चूक केली असती.

दिवसभर मीठ कालवून पाणी बदललं. दुकान बंद ठेवलं. शिव्या स्वतःलाच.

८ एप्रिल, मंगळवार. एकादशी

मंदिरात हरिपाठ संपला, पखवाज खोळीत घालत होतो. मंडळ चालवणाऱ्या लिंबाजी बुवांनी थांबवलं. बाकीचे टाळकरी मुद्दाम रेंगाळले.

"दत्ता, मंठ्याच्या बाजारात तुला मच्छी घेताना पाह्यलं म्हनून राह्यलेत लोकं."

"खरं हाय बुवा."

"आन् माळ?"

"गळ्यात हाय. मी खाल्ली न्हाई, खानार न्हाई. टाकीतल्या जिवांना लागते."

"चिरतूस ना पण? ज्या हातानं चिरतूस त्याच हातानं पखवाजाच्या धुमेला कणीक लावतूस, ठेका धरतूस. देवाला कसं चालंल?"

मी म्हणालो, देवानंच त्याला मांस खाणारं तोंड दिलंय, एक नाही, चौदा दिलीत. माझ्याकडं आलंय तर मी उपाशी मारू? उपाशी मारलं की पुण्य लागतं का?

बुवा चिडले नाहीत, हेच वाईट. शांतपणे म्हणाले, "पुढच्या एकादशीपर्यंत ठरव. ते तरी सोड, न्हाई तर माळ उतरव आन् पखवाज मंदिरात आनून ठिव."

माळ बुवांनी घातलेली नाही. बापानं घातली. पखवाजही बापाचाच. उतरव म्हणणारे हे कोण?

बातमी शेषरावानं पोचवली, दुसरं कोण. गेल्या वर्षी जावयाच्या अंगठीसाठी पोवळ्याचा एक तुकडा मोडून मागत होता. मंगळ कडक आहे म्हणे जावयाला. मी म्हणालो, जिवंत आहे ते, बोट मोडून देतो का कुणी? तेव्हापासून राग. तेव्हा त्याला पाप दिसलं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

समुद्राचं आणून देतो म्हणाला होता, जलीलभाईनं शब्द पाळला. जालन्याला बर्फाच्या गाडीत येतं, तिथून झिंगे आणले, एक समुद्राचा मासा, आणि माकूल. पांढरं, रबरासारखं लिबलिबीत. स्वतः दुकानात आला. टेबलावरची तांब्याची तार बाजूला सारली आणि शिकवायला बसला.

"पाठीतला हा काळा धागा पह्यले काढा. घाण असती. मंग धुवा, तीन पानी."

पहिला झिंगा सोलला आणि बाहेर जाऊन उलटी केली. दुसरा सोलला, परत उलटी. तिसऱ्याला आलं नाही काही, पोटात काही उरलंच नव्हतं. जलीलभाई पाठीवर हात फिरवत म्हणाला, "मी करतो, तुमी बसा." नको म्हणालो. माझ्या हातावर बोट ठेवलंय गावानं, तर माझ्याच हातानं होऊ दे सगळं.

कात्रीनं ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे. लसणाची एक पाकळी ठेचून (घरात वर्ज्य, माशांना भूक लागायला चांगली). समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद येतो तो भिजवून. बांधून राहायला चायना ग्रास. टाकीवाला जिलेटिन सांगत होता, ते हाडांचं असतं. चायना ग्रासनं काम होतं तर उगाच कशाला? पिशवीत चपट थापलं, पट्टीनं चौकोन आखले म्हणजे वडीसारखे मोडता येतील. खाली ॲल्युमिनियमचा पत्रा, लवकर गोठायला.

घरी जाऊन दोनदा अंघोळ. मं.नं वास घेतला. मग ताट वाढलं.

१३ एप्रिल, रविवार

एक चौकोन टाकीतल्या वाटीभर पाण्यात वितळवला, गाळून रस फेकला. शेळीला औषध पाजायची मोठी सिरिंज, तिनं घास सोडायचा. मासे पळवतात म्हणून पोवळ्यावर अर्धी कापलेली बाटली पालथी घातली. पंप बंद. बसलो.

पाऊण तास काही नाही. मग खालच्या बाजूचं एक तोंड फुगलं. केशरी बोटं बाहेर आली, झिंग्याचा कण धरला आणि आत ओढला.

मी एकटाच बैठकीत हसत होतो. डोळ्यात पाणी आलं, लपवायचं काय त्यात.

१७ एप्रिल, गुरुवार

परतूरला विहिरीची मोटार बसवायला गेल्तो. तिथं कळलं, आमच्या वाटूरचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळाला, सकाळपासून लाइट नाही. उन्हाचा कहर. मनात म्हणालो, टाकीचा पंप बॅटरीवर निभावेल, पण फ्रीजमधलं गेलं सगळं. गाडी हाणत आलो.

दुकानाची चावी लावायला गेलो तर कुलूपच नाही. आत मं. बसलेली. फ्रीज उघडा, रिकामा. पायाशी गोधडीचं गाठोडं. कुल्फीवाल्याकडून बर्फाची लादी आणून, फोडून, त्यात पिशव्या पुरून, वरून गोधडी. चार तास राखण बसली होती. गोठलेलं तसंच्या तसं.

"तू हात लावलास?"

"हाताला पिशवी घातल्ती. शिवले न्हाई मी." मग म्हणाली, "त्या बिचाऱ्याला काय म्हाईत एकादशी आन् माळ."

तीस वर्षं झाली लग्नाला. आज पहिल्यांदा भेटल्यासारखी वाटली.

२० एप्रिल, रविवार

शेषराव आणि दोघं समजूत काढायला आले. चहा दिला. पोवळ्याची नऊ तोंडं उघडी, अगदी समोर. शेषराव तिकडं बघायचं टाळत होता.

"आमाला काय हौस हाय का मिस्त्री? पण लोकं तुमच्या घरचं पानी पिनार न्हाईत उद्या."

"शेषराव, तुमच्या गोठ्यात कुत्रं हाय. काय खातं ते?"

"भाकर टाकतो आमी."

"आन् भाकरीवर इतकं माजलंय?"

"गावभर फिरून काय खातं ते आमी बघत न्हाई."

"मी बघतो. एवढाच फरक."

तिघंही चहा अर्धा टाकून उठले. मंगलनं कप उचलताना मुद्दाम मोठ्यानं आपटले.

राग अजून गेलेला नाही. पण खरं लिहायचं तर भीतीही आहे. बुवांनीच मला पखवाजाचे पहिले बोल शिकवले, बाप गेला तेव्हा. मंदिर सुटलं तर संध्याकाळी सहाला मी कुठं जाऊ? हात आपोआप मांडीवर वाजायला लागतात त्या वेळेला.

तरी फ्रीज बंद करणार नाही.

२४ एप्रिल, गुरुवार. एकादशी

आज अकरा तोंडं उघडली. दोन मिटलेली, एकाचं नुसतं हाड, ते येत नाही आता परत. रोहूचं पाप माझं. ते मान्य, बुवांनी विचारलं तर तेवढं मान्य करीन.

मला उपास. त्यांना दुपारी घास दिला, नेहमीसारखा. अंघोळ केली. पखवाज खोळीतून काढला, वाद्या ओढल्या.

पावणेसहाला मं. स्वयंपाकघरातून आली. हातात वाटी, वाटीत मळलेली कणीक. घरात आज गव्हाला हात लावायचा नसतो, आणि पखवाजाची कणीक आजवर मीच मळत आलो. तिनं कधीच मळली नव्हती.

"मी मळली. माझ्या हातानं तं काई चिरलं न्हाई ना? मंग आता काय म्हंतेत बघा म्हना."

मी म्हणालो, लावणार तर मीच आहे.

"लावा की. तुमचाच हात लागतो त्याला."

लावली. डाव्या हातानं धुमेवर एक थाप मारली. खर्ज लागला, बैठकीतली भांडी घुमली.

मंदिरातून टाळ ऐकू यायला लागलेत. नुसते टाळ. पखवाजाला थांबले नाहीत. गावात दुसरा वाजवणारा नाही, हे बुवांनाही माहीत आहे. आत घेतलं तर आत बसेन, नाही घेतलं तर पायरीवर बसून वाजवीन. पायरी काही कुणाच्या मालकीची नाही.

मं. चपला घालून दारात उभी आहे. म्हणते मी पण येते.

निघतो. कणीक सुकायच्या आत पोचायला हवं.