प्रणव पास झाला

६ जानेवारी २०२५, सोमवार

तारीख मिळाली. एकवीस, सकाळी दहा वाजता. प्रणवला आजार होऊन बारा वर्षं झाली आणि सरकारी तपासणी आत्ता! तारीख आम्हीच कधी मागितली नव्हती, हेही खरं. स्किझोफ्रेनिया हा शब्द या घरात अजून कुणी मोठ्याने उच्चारलेला नाही. 'त्याला बरं नसतं', एवढंच.

नेहमीच्या डॉक्टरांनी यांना समोर बसवून सांगितलं. आमच्यामागे प्रणवला कायमचं ठेवून घेईल अशी एक संस्था आहे, पण तिला निदान चाळीस टक्के अपंगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. हे एकाहत्तरचे, छातीत दोन स्प्रिंगा. मी सहासष्टची. आमची लेक हेमाली एव्हरशाईन वसाहतीत दोन खोल्यांत, सासूसासऱ्यांसकट. तिला विचारायचं तरी कोणत्या तोंडाने?

संध्याकाळी देवापुढे उभी राहिले. मुलाचा आजार जास्त निघू दे, असं कसं मागायचं? नुसतेच हात जोडले.

९ जानेवारी

तयारी सुरू केली. हे म्हणाले, कशाला? म्हटलं, टक्के काय, जाडजूड फाइल बघून देतील. पण माणसं तर त्यालाच बघणार ना! गबाळा दिसला तर तिथल्या तिथे भरती करून घेतील. आणि घर कसलं आहे, तेही कळायला नको का?

रोज अर्धा तास. आज वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात सात वजा करत जायचं. अडखळला की मी म्हणते, "स्पीक अप, प्रणव. ताठ उभा राहा." शाळेत सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला असंच म्हणायच्या. पाठांतराच्या स्पर्धेआधी वर्गाच्या मागच्या भिंतीशी उभ्या राहायच्या आणि शेवटचा शब्द तिथवर पोचायला हवा असायचा. वाडीतली, केळीच्या पानांचे भारे वाहणाऱ्यांची मुलगी मी. त्यांनी मला बोलायला शिकवलं. प्रणवलाही मी तसंच शिकवलं. चौथीत पहिला आला होता. निळी टाय होती, इलॅस्टिकची.

१३ जानेवारी

दुपारची गोळी पुन्हा खिडकीत सापडली. विचारलं तर म्हणतो, "तूच नको म्हणालीस." खोटं कधीपासून बोलायला लागला?

१७ जानेवारी

सकाळी तासभर बावखलाच्या काठी ताठ उभा. आमच्या वाडीचं हे तळं आता डबक्याएवढंच उरलंय. पलीकडची चिकूची वाडी गेली, तिथे सात मजले झाले. गॅलरीतून लोक त्याच्याकडे बघत होते. "इथे का उभा?" तर म्हणाला, "तूच सांगितलंस ना." मी म्हटलं होतं, पण धड्याच्या वेळी. सगळ्याची गल्लत करतो.

सोनचाफा मात्र त्यानेच खुडला. एकही कळी मोडली नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

काल केस कापून आणले. इस्त्रीचा आकाशी शर्ट, यांचं घड्याळ. मुलगी दाखवायला न्यावी तसा नेला. रिक्षावाला डेरिक म्हणाला, वहिनी, पोरगा आज एकदम साहेब दिसतो. मी हसले. किती दिवसांनी!

आत तीन डॉक्टर. त्यातल्या मोठ्या बाई मनोविकारतज्ज्ञ, आवाजाने मऊ. प्रणव ताठ बसला. वार, तारीख बरोबर. शंभरातून सात वजा करत दोनपर्यंत न चुकता आला. आवाज ऐकू येतात का, विचारलं. "नाही मॅडम." मग मला विचारलं. स्वतः आंघोळ करतो? हो. वेळेवर जेवतो? हो. एकटा बाहेर जातो? हो, कधीमधी. आठ आठ दिवस अंगाला पाणी लागत नाही, बारा वर्षांत आमच्या उमेळे गावाच्या वेशीबाहेर एकटा गेलेला नाही, हे त्या परक्या माणसांसमोर त्याच्या देखत कसं सांगू? हे तर म्हणाले, "हुशार आहे हो तो. मेकॅनिकल डिप्लोमा आहे, वालीवला कारखान्यात नोकरी करत होता." ती नोकरी पाच महिन्यांची, हे नाही सांगितलं.

येताना खूश होतो आम्ही. मिसळ खाल्ली. वेडे!

२२ जानेवारी

सकाळी फुलं खुडताना हळूच म्हणाला, "आई, नीट बोललो ना? ते सगळे एकदम बोलत होते. पण तू शिकवलंस तेच सांगितलं."

हातातली परडी तशीच राहिली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वीस टक्के. सौम्य.

८ फेब्रुवारी

हेमाली आली होती. ओरडली नाही, त्याचंच जास्त लागलं. "आई, ती परीक्षा नव्हती गं. आणि तू त्याला पास केलंस." हे वर्तमानपत्रामागे. मग म्हणाले, "माझ्या मुलाला वेडा ठरवून घेऊ म्हणता?" हेमाली म्हणाली, "नाही पप्पा. तुमच्यानंतर त्याला जेवायला कोण वाढणार, ते ठरवून घ्या."

फेरतपासणीचा अर्ज तिनेच भरला. जाताना दाराशी मला म्हणाली, या वेळी त्याला काही शिकवू नकोस. आणि तू खरं बोल.

१८ मार्च, मंगळवार

काही शिकवलं नाही. दाढी वाढलेली, तोच मळका टी-शर्ट, तसाच नेला. डेरिकने आरशात एकदा बघितलं आणि रिक्षा सुरू केली. मीच पदराने त्याचं तोंड पुसायला गेले आणि हात मागे घेतला.

त्याच बाई. या वेळी मी सगळं सांगितलं. आंघोळ, गोळ्या, भिंतीला डोकं टेकून बसणं, एकदा माझ्यावर उगारलेली विळी. सांगताना वाटलं, मी त्याला भर बाजारात उघडा करते आहे. तो खाली बघत होता. हे बाहेर जाऊन उभे राहिले.

मग बाईंनी त्याला विचारलं, आवाज येतात का? त्याने माझ्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, आईने शिकवलेलं नको, तुझं सांग. मग म्हणाला, "येतात. पण एकच मोठा असतो."

"पुरुषाचा की बाईचा?"

"आईचा."

काय म्हणतो, तेही सांगितलं. स्पीक अप, प्रणव. ताठ उभा राहा. गोळी घेऊ नकोस, त्यात काही घातलंय. तू कुणाच्या कामाचा नाहीस.

शेवटची दोन वाक्यं मी कधी बोलले नाही. या पानावर शपथेवर लिहिते. पण पहिली दोन माझीच.

बाई मला वेगळ्या खोलीत घेऊन गेल्या. म्हणाल्या, यात तुमचा दोष नाही, मेंदू ओळखीचाच आवाज उचलतो. पाणी दिलं. मी प्यायले. 'तूच सांगितलंस ना.' बारा वर्षं तो खरंच सांगत होता. मी त्याला खोटारडा म्हटलं.

२० मार्च

ठरवलं. त्याच्याशी तोंडाने बोलायचं नाही. माळ्यावरून हेमालीची जुनी पाटी काढली. जे पाटीवर ते माझं, जे कानात ते तिचं, त्या खोट्या आईचं. त्याला एकदाच समजावून सांगितलं आणि तोंड मिटलं.

पहिला शब्द लिहिला: 'जेव'. सिस्टरांनी घटवून घेतलेलं अक्षर, अजून तसंच वळणदार. तो बघत राहिला. मग जेवला.

२ एप्रिल

प्रमाणपत्र आलं. साठ टक्के. संस्थेच्या यादीत सेहेचाळिसावा. वर्षाला दोनतीन जागा रिकाम्या होतात, म्हणाले.

गोळ्या मात्र पाटी बघून घेतो आहे, चौदा दिवस झाले. हे म्हणतात, घरात कुणी मेल्यासारखं वाटतं. वाटू दे.

११ एप्रिल, शुक्रवार

दुपारी भर उन्हात बावखलाशी उभा होता. पाटी घेऊन गेले. लिहिलं, 'घरात चल, राजा.' त्याने वाचलं. माझ्याकडे बघून ओशाळं हसला, पण हलला नाही.

"ती रागावेल," म्हणाला. "ती बोलते तरी माझ्याशी."