रूपालीच्या लग्नाची फिल्म आणि आठ कोरांचा प्रश्न

मुक्काम गुडीहत्नूर

तीर्थरूप नागोराव भाऊजी यांच्या पायावर डोकं ठेवून धाकटा मेव्हणा पंढरी याचा नमस्कार.

तुमचे गुडघे, माझ्या ताईची शुगर आणि यंदाची कपाशी हे तिन्ही बरे असतील अशी आशा करतो. आमी इथं ठीक आहो. शीतलचा खोकला गेला, माझा राग गेला नाई. राग तुमच्यावरच आहे, म्हणून फोन न करता लिहून राह्यलो. (फोनवर तुमी मधातच "बरं बरं" म्हणून ठेवून देता.)

घरच्या ग्रुपवर तुमी लिहिलं का पंढरीच्या कंप्युटरचा जीव केवढा, रूपालीच्या लग्नाची फिल्म तिच्या पोराच्या लग्नात भेटेल. साऱ्या सोयऱ्यांनी त्यावर हसरी तोंडं पाठवली, माझ्या सख्ख्या बायकोनं, शीतलनंही. तुमच्या थोरल्या बहिणीनं, शकुबाईनं, मात्र भलतंच धरलं. तिचा आहेर मी कापला, म्हणून फिल्म दडवून ठेवली म्हणते. आपला आहेर डोळ्यानं पाहिल्याशिवाय ती भाऊबीजेले तुमच्या दारात पाय ठेवत नाई. तुमची ती एकच बहीण, यंदा तुमाले ओवाळणार कोण, हे मलेही समजते. पण त्याचं खापर माझ्या कंप्युटरवर काऊन?

फिल्म लांबते ती आहेरापायी. दुसरे लोक हळद पाहतात, वरात पाहतात. आपले लोक थेट आहेरावर येतात. कोणी कोणाले लुगडं देलं, कोणाच्या डोक्यावर टोपी ठेवली, माईकवर नाव धड घेतलं का नाई, सारं दिसलं पाहिजे. एक सोयरा गळला का जन्माचं वाकडं. तुमच्या लेकीचं लग्न चुटकीसरशी लागलं आणि आहेर दुपारभर चालला. एवढं ओझं माझ्या चार कोरांच्या प्रोसेसरनं ओढावं. (कोर म्हणजे प्रोसेसरच्या आतले गडी समजा. गडी जास्त तेवढं काम लवकर, असं दुकानदार सांगतात.)

म्हणून आदिलाबादले हर्षदीपच्या कंप्युटरच्या दुकानात गेलो, आठ कोरांचा टाकून दे म्हटलं. त्यानं माझ्या कंप्युटरचा डबा उघडला, वरची गेल्या सालच्या खांडेनवमीची हळद पुसली (मले न विचारता) आणि म्हणे, नवीन प्रोसेसर या मदरबोर्डवर बसत नाई. मदरबोर्ड बदलला का जुनी रॅम चालत नाई. रॅम बदलली का पॉवर सप्लाय पुरत नाई. मग जुनं राहते काय, असं विचारलं तर म्हणे डबा. म्हणजे घुंगरं तीच ठेवून बैल नवीन घ्यायचा, आणि याले अपग्रेड म्हणायचं.

घरी येऊन शीतलले सांगतलं. तिनं फिल्म बनवायले लावली आणि टास्क मॅनेजर उघडून माझ्यापुढं ठेवला. (हे तिले कोणी शिकवलं, ते अजून सांगत नाई.) माझं सॉफ्टवेअर इतकं जुनं, का चारांतला एकटाच घामाघूम, बाकी तिघं वाढायले बोलावलेल्या जवायासारखे हात बांधून उभे. शीतल म्हणे, आहेत तेच राबत नाईत, आणखी चार आणून बसवता कुठं? मले इतका संताप आला का मी जेवलो नाई. (संध्याकाळी जेवलो. वांग्याची भाजी होती.)

तरी मी आठच घेणार होतो. बस स्टँडजवळच्या स्टुडिओवाल्याकडं सहा आहेत, आणि त्यानं ते बोर्डावर रंगवून घेतलं. आमाले काही इज्जत आहे का नाई? घेऊ का नको, तुमचं मत कळवा. मत ग्रुपवर कळवू नका. ताईले सांगा, गोळी चुकवू नको.

आपला आज्ञेतला, पण दुखावलेला,
पंढरी

ता. क. – मत कळवू नका. प्रोसेसर घेत नाई. फिल्म आषाढातच तयार झाली.

आणखी एक – शकुबाईचा आहेर मी कापला नाई. ती मांडवात आली आणि नेमके तुमी कॅमेऱ्यापुढं उभे राह्यले, सोयऱ्याईले पान द्यायले. माईकवर नाव तिचं आणि पडद्यावर सारा तुमचा गुलाबी फेटा. हर्षदीपले मी हळूच विचारलं होतं, आठ कोरांत फेट्यापलीकडचं दिसते का. सोळांतही नाई म्हणे. हे ग्रुपवर टाकलं असतं तर तिचा राग तुमच्यावर गेला असता. म्हणून इतके महिने मी कंप्युटरले बोलणी खाऊ देली.

शेवटचं – माझं म्हणणं होतं, शकुबाईले तेच लुगडं घेऊन इथं आणा, आहेर पुन्हा करू, मी शूटिंग करतो, तुमी बाहेर बसा. शीतल नाई म्हणते. ती म्हणते, फिल्म आहे तशीच घ्या, तुमी स्वतः बेज्जूरले बहिणीच्या घरी जा आणि तिच्या बाजूले बसून पाहा. आहेराच्या जागी फेट्यामागून एक हात येते, तुमचा सुटलेला शेमला नीट खोचून देते आणि मागं जाते. बांगड्या शकुबाईच्याच आहेत. तुमी वळूनही पाहिलं नाई.