सरांचा दुसरा लेख

१० जानेवारी १९७७
डीनसाहेबांनी बोलावलं. छातीरोगाचे बिराजदार सर जूनमध्ये निवृत्त होणार. त्याआधी दिल्लीच्या एका पुरस्कारासाठी त्यांचं नाव पाठवायचंय. त्यांच्या संशोधनाचा जगात कुणी कुणी आधार घेतला, कुणाबरोबर मिळून त्यांनी काम केलं — हे सगळं मोजून द्यायचं. "ग्रंथपाल तुम्ही, तुमचंच काम हे." आवडलं मला. या कॉलेजात आल्यापासून पुस्तकांवरची धूळ झटकतेय. डोक्याचं काम कुणी सांगितलंच नव्हतं.

सरांनाही सांगितलं. फक्त म्हणाले, "बघा बाई, काय सापडतंय ते."

१८ जानेवारी
पुणे. मावसबहिणीकडे उतरलेय. इथल्या एका प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात कुणाच्या लेखाचा आधार कुणी घेतला हे सांगणारी अमेरिकन सूची आहे. एकेक खंड पाट्याएवढा जड, अक्षर मुंगीएवढं. लेखकाचं नाव काढायचं, खाली त्याचा लेख, त्याखाली तो लेख ज्यांनी वापरला त्यांची नावं. बिराजदार सापडलं तेव्हा ऊर भरून आला. इंग्लंड, पोलंड, इजिप्त, अमेरिका — आणि मध्ये आमच्या सोलापूरचा माणूस!

१९ जानेवारी
त्रेसष्ट उल्लेख. सगळे एकाच लेखाचे — १९६३चा, सूतगिरणीतल्या कामगारांच्या छातीवरचा. सोबत लंडनच्या एका प्राध्यापकांचं नाव. सरांनी १९७१ला त्याच विषयावर दुसरा लेख लिहिलाय, नर्स दानम्मा मठपती यांच्याबरोबर. तो कुठंच नाही. उल्लेखच नसेल तर सूचीत लेखही येत नाही. सगळे खंड पुन्हा पाहिले. नाही.

२२ जानेवारी
सरांना विचारलं. खुर्ची ओढून बसा म्हणाले.

१९६३ला ते आणि लंडनचे प्राध्यापक गिरणीत गेले. त्या दिवशी जे कामावर होते त्यांच्या छात्या तपासल्या. खोकणारे थोडेच निघाले. म्हणून लिहिलं — कापसाच्या धुळीनं फारसा अपाय दिसत नाही. पुढं दानम्माबाईंबरोबर लसीकरणाला चाळीत गेले, तर घराघरात खाटेवर बसून धापा टाकणारी माणसं. सगळी गिरणीतली. ज्यांना श्वास पुरत नव्हता त्यांनी काम केव्हाच सोडलेलं! सर म्हणाले, "मी धडधाकट माणसं मोजली होती, बाई."

मग दोघांनी कित्येक वर्षं घरं पालथी घातली. दुसरा लेख लिहिला, त्यात पहिला चुकला असं स्वच्छ लिहिलं. लंडनकरांनी नाव द्यायला नकार दिला. मोठ्या नियतकालिकांनी परत पाठवला. शेवटी एका लहानशा अंकात आला. कुणी वाचला नाही.

मी विचारलं, अर्जात काय घालू? "दोन्ही घाला. दुसऱ्यापुढं शून्य."

२५ जानेवारी
घातलं. डीनसाहेबांनी ती ओळ खोडली. शून्य कशाला दाखवायचं म्हणाले. मी कागद तसाच टंकायला दिला.

३ फेब्रुवारी
वर्तमानपत्रात आलं! 'सोलापूरच्या डॉक्टरांची जगभर दखल — त्रेसष्ट संशोधकांचा आधार'. शेवटी माझंही नाव. आई शेजारी दाखवून आली. कुणी विचारलं की मीही सांगत होते. खोडलेल्या ओळीची आठवण दिवसभर झाली नाही. संध्याकाळी झाली.

१७ फेब्रुवारी
ग्रंथालयाच्या पायरीवर एक बाई बसलेली. चंद्रव्वा, कुंभारी गावची. सरांना शोधत होती. नवरा मल्लप्पा गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होता. छाती गेली, घरी बसवलं. भरपाईचा दावा लावलाय, सर साक्ष देणार आहेत. मी म्हटलं, त्यांना आत आणा की. "चार पावलं चाललं की बसत्यात, ताई. झाडाखाली हायत." खिडकीतून पाहिलं. गुडघ्यांवर हात रोवून बसलेला, खांदे वरखाली. नुसता श्वास घेणं एवढंच काम तो माणूस करत होता.

२८ फेब्रुवारी
कोर्टात गेले होते, सरांबरोबर. गेले नसते तर बरं झालं असतं.

सरांनी शांतपणे सगळं सांगितलं. पहिला लेख चुकीचा, दुसरा खरा. मग गिरणीचे वकील उठले. हातात वर्तमानपत्राचं कात्रण! त्यांनी विचारलं, त्रेसष्ट हा आकडा बरोबर आहे का? सर म्हणाले, बरोबर आहे. दुसऱ्या लेखाचा आधार किती जणांनी घेतला? सर म्हणाले, कुणीच नाही.

"मग साहेब, जगानं मानलेलं खरं धरायचं, की कुणीच न मानलेलं?"

सर म्हणाले, "पहिल्या वेळी मी आजारी माणसांना भेटलोच नव्हतो." कुणी लिहूनही घेतलं नसेल. मल्लप्पाचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

आकडा माझा. पुण्याला जाऊन, ऊर भरून आणलेला.

१ मार्च
जेवण गेलं नाही.

११ मार्च
दावा फेटाळला. निकालात आधार सरांच्याच पहिल्या लेखाचा घेतलाय म्हणे. म्हणजे आता चौसष्ट.

सरांनी पुरस्कारासाठीचं नाव मागं घ्यायला सांगितलं. कागद दिल्लीला पोचले, आता हसं होईल — डीनसाहेब. सर दानम्माबाईंच्या घरी जाऊन बसले होते. रात्री उशिरा उठले, असं त्या सांगत होत्या.

मी मोजलं ते चुकलं नव्हतं. हेच जास्त लागतं मनाला.

१९ मार्च
आमच्याकडे भरती केलेला मल्लप्पा सकाळी वॉर्डातच वारला. माती द्यायला कुंभारीला न्यायचं म्हणून माणसं जमलेली. चंद्रव्वानं सगळ्यांना थांबवलं. सरांना म्हणाली, "आदी ह्यास्नी चिरून बघा." दीर ओरडला, तिनं ऐकलं नाही. सरांनी तिला खरं ते सांगितलं — आत काही दिसेलच असं नाही.

"न्हाय दिसलं तर तेबी लिवा. पन माणूस न बघता लिवू नका."

सरांनी शवविच्छेदनाची खोली उघडायला सांगितली आणि हात धुवायला गेले.